डोमाजीचं पडणं

डोमाजी नाकाडे मला 'कागद' म्हणायचा. शाळेत पोरं मला गुरुजी म्हणत, गावात लोक भाऊ म्हणत, आणि ज्याच्या तोंडातलं प्रत्येक वाक्य मी पुरवायचो तो हा माणूस भर मंडपात हाक मारायचा, "ए कागद, जोरानं बोल ना बे." माझा गुन्हा एवढाच, की वडशाच्या एका नाटक कंपनीत मी हौसेनं प्रॉम्प्टर झालो होतो आणि संहिता हातात धरून बसायचो. तो त्या कंपनीचा खलनायक. नाटक संपल्यावर बाकीचे नट तोंड धुवायचे आणि त्याबरोबर भूमिकाही उतरवायचे. डोमाजी फक्त तोंड धुवायचा.

मीही काही साधू नव्हतो. मी त्याचा फार आवडीनं द्वेष केला. इतका, की उन्हाळ्यात नाटकं बंद झाली की मला करमायचं नाही.

ज्यांनी आमच्याकडचं, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं, नाटक पाहिलेलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. धान कापून झालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, घरोघर पाहुणे येतात, आणि पाहुण्यांना जेवू घातलं की नाटक दाखवावंच लागतं. रात्री उभं राहिलेलं नाटक उजाडल्याशिवाय संपत नाही. आज या गावी, उद्या त्या गावी. नटांना पाठांतराला वेळ कुठला? म्हणून रंगमंचापुढे खड्डा खणतात. त्यात वाद्यवाले बसतात आणि त्यांच्या कडेला प्रॉम्प्टर. मी वाक्य सोडायचं, नटानं ते वरच्यावर झेलायचं आणि स्वतःचं असल्यासारखं फेकायचं.

डोमाजीला एकही वाक्य येत नसे, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे. लोक त्याची वाक्यं ऐकायला येतच नव्हते. लोक यायचे ते तो मरतो कसा हे पाहायला.

नाटक कोणतंही असो, लेखकाला मालकाची ताकीद असायची: शेवटच्या अंकात खलनायक हसत हसत मेला पाहिजे. नायक खंजीर उपसून पुढे येई. डोमाजी आधी नायकाकडे पाही, मग एकदा खाली खड्ड्यात माझ्याकडे. मला वाटे, वाक्य मागतोय. मी लगेच पुरवायचो. तो ते कधीच घ्यायचा नाही. तो हसायला लागायचा. आधी नाकातल्या नाकात, मग घशात, मग पोटातून. आणि हसू ऐन भरात आलं की त्याची हनुवटी लोंबायची, गुडघे सुटायचे, हात खांद्यापासून गळायचे, आणि खुंटीवरून सदरा घसरावा तसा तो जमिनीवर उतरायचा. डोळे सताड उघडे. दुसरे नट मरताना हळूच हात टेकवतात, डोकं सांभाळतात, धोतर सावरतात. डोमाजी काही म्हणजे काही सांभाळायचा नाही. कित्येकदा नायकाचा खंजीर अजून हातभर लांबच असायचा, पण त्याची कुणाला पर्वा? बायका तोंडाला पदर लावत, म्हातारे जागेवर उभे राहत, आणि मग टाळ्या अशा पडत की तबलजीनं हात मांडीवर ठेवून द्यावेत.

वडशात आमच्या कंपनीच्या पाट्यांवर नायक-नायिकेचे फोटो छोटे आणि डोमाजी आडवा पडलेला मोठा, असं असायचं.

त्या पडण्यावर लोकांनी काय काय रचलं होतं. कुणी म्हणे, तो श्वास रोखतो. कुणी म्हणे, सिरोंचाकडच्या एका बैराग्यानं त्याला शिकवलं. नागपूरहून एकदा एक अभ्यासक गृहस्थ आले, कॅमेरा घेऊन. पडण्याच्या वेळी मनात कोणती भावना असते, असं त्यांनी विचारलं. डोमाजीनं त्यांच्याकडे अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पाहिलं आणि आपल्या चपला कुठे आहेत ते शोधायला त्यांना पाठवलं. ते गेलेही. गावोगावचे हौशी नट पडणं शिकायला यायचे. तो त्यांच्याकडून पाय दाबून घ्यायचा आणि शेवटी सांगायचा, "पाह्यलं ना, कसं पडतो मी? मंग पड तसाच."

ते अर्धवट मिटलेले डोळे क्रूर आहेत असं सगळी झाडीपट्टी मानायची. मला मात्र एक शंका होती. माझ्या मते तो माणूस झोपेला आलेला असायचा. कपड्यांच्या पेटीवर बसल्या बसल्या झोपायचा, रंग लावून घेताना झोपायचा, जेवताना भाताचा घास हातात धरून झोपायचा. एकदा मालकाशी त्याचं जंगी भांडण जुंपलं. मालक म्हणजे नाकासमोर बोट नाचवत बोलणारा माणूस. डोमाजीनं त्याच्या खानदानाचा उद्धार सुरू केला, मालकाच्या आज्यापर्यंत पोचला, आणि तिथेच थांबला. आम्हाला वाटलं, अजून जहाल काही आठवतोय. घोरण्याचा आवाज आला तेव्हा कळलं. मालक बोट वर धरून तसाच उभा. थोड्या वेळानं डोमाजीनं डोळे उघडले आणि आज्याच्या पुढून सुरुवात केली. एक नातं गाळलं नाही.

त्याच्यासमोर विनोद करायची बंदी होती. कंपनीच्या गाडीत विनोदी नट असेल तर तो चढायचा नाही. त्या बिचाऱ्याला सामानाच्या टेम्पोतून यावं लागे. एकदा चहाच्या टपरीवर त्या नटानं कुठल्याशा सरपंचाच्या टोपीचा किस्सा सुरू केला आणि डोमाजीनं भरला कप त्याच्या अंगावर रिकामा केला. "मले हसवाचं नाई," एवढंच म्हणाला. लग्नात, बारशाला तो जायचा नाही. कुणी आनंदात दिसलं की त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचा, वर त्याला एक शिवी देऊन व्हायचा. मी मनात म्हणायचो, असला निर्मळ दुष्टपणा आता पाहायला मिळत नाही.

मग त्याचा दात आला. अक्कलदाढ, उशिरा, तीही आडवी. गालावर सूज चढली आणि जबडा आंब्याएवढा झाला. दातांच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं की दाढेच्या मुळाशी हाडात गाठ धरली आहे, जागेवर सुई मारून भागणार नाही. चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात पूर्ण बेशुद्ध करून काढावी लागेल. पावसाळा होता, नाटकं बंद होती. मालकाला काळजी पडली, माणसाची नव्हे, हंगामाची. डॉक्टरांशी बोलायला शिकलेला माणूस हवा म्हणून त्यानं मला सोबत धाडलं.

"हा कागद कायले?" डोमाजीनं वडशाच्या फलाटावर विचारलं. गाल सुजल्यामुळे 'कागद' म्हणायला त्याला त्रास होत होता, तरी त्यानं तो घेतला.

सोबत त्याची बायको होती, यमुनाबाई. इतक्या वर्षांत मी तिला दोन-चार शब्दांपलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं. नागभीड यायच्या आत डोमाजी खिडकीला टेकून झोपला. ती त्याच्या डोक्याखाली हात देऊन बसली, चंद्रपूर येईपर्यंत. मी म्हटलं, हात अवघडेल वहिनी. ती म्हणाली, सवय हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया ठरली होती. आदल्या दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई तपासायला आल्या. वयानं तरुण, बोलणं मऊ आणि प्रश्न न संपणारे. दमा आहे का, बीपी आहे का, आधी कधी भूल घेतली का. डोमाजी प्रत्येकाला 'नाई' म्हणत होता, कुत्रं हाकलावं तसं. मग त्यांनी विचारलं, "दिवसा अचानक झोप येते का?"

"झोप कोणाले नाई येत? तुमाले नाई येत का?"

पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसलेली यमुनाबाई बोलली. "यायले झोप येत नाई, मॅडम. झोपच यायले उचलून नेते. आनं हसले का पडते."

डोमाजीनं मान इतक्या जोरात वळवली की सुजलेल्या गालावर हात गेला. "ते माही कला हाय. हे बाई अडाणी हाय मॅडम, तिले नाटकातलं काय समजते?"

"कला कायची," ती म्हणाली. "घरी कोनतं नाटक हाय?"

आणि मग ती बाई बोलत गेली, आवाज न चढवता, धान निवडल्यासारखी. तरणा होता तेव्हापासूनचं हे. हसू आलं, कौतुक वाटलं, की अंग गळून पडतो. ऐकू सगळं येतं, बोट हलवता येत नाही. एकदा सांडपाण्याच्या नालीत तोंडावर पडला, तिनं उलटा केला म्हणून वाचला. सकाळी जाग येते पण अंग जागं होत नाही. तसाच डोळे उघडे ठेवून पडून राहतो. पोरगी रांगायला लागली तेव्हा तिला पाहिलं की हा घराबाहेर निघून जायचा. लोक म्हणत, याला बाहेरचा नाद आहे. नाद कसला? पोर हातात असताना हसू आलं तर पोर पडेल, ही भीती. शेजारणी तिच्यापाशी येऊन तिची कीव करायच्या आणि ती गप्प ऐकून घ्यायची, कारण त्यानं तिला शपथ घातली होती. हा रोग आहे असं एकदा लोकांना कळलं, की रोगी पाहायला कोण तिकीट काढील? पाटीवरचा फोटो जाईल, मान जाईल, उरेल तो रस्त्यात पडणारा माणूस.

"इतके दिवस नाई बोलली," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "पन उद्या तुमी यायले झोपवान. आनं हे उठलेच नाई, त मी कोनाले विचारू?"

डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवलं. त्यांनी समजावलं ते मला जेवढं कळलं तेवढं असं: झोपेत स्वप्न पडतं तेव्हा माणसाचं अंग मेंदू सैल सोडून देतो. काहींच्या मेंदूत झोप आणि जाग यांच्यामधलं दारच नीट लागत नाही. मग ते सैल पडणं जागेपणीही होतं, बहुतेक हसताना. अशा माणसाला भूल देता येते, पण आधी माहीत हवं. कोणतं औषध, किती, हे बदलतं. जाग यायला उशीर होऊ शकतो. डोळे उघडून निपचित पडला तर आम्ही घाबरून भलतंच काही करून बसू. म्हणून खरं काय ते आत्ताच कळलं पाहिजे.

"खोटं हाय," डोमाजी म्हणाला. "म्हनजे मी आतावर उगाच पडलो का? लिहून देतो, मले काई नाई. पाडून दाखवा मले."

यमुनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, तुमी जरा यायच्या समोर उभे राहा."

मी का, असं मी विचारलं. तिचं उत्तर मी आजही पुरतं पचवलेलं नाही. "हे नाटकात तुमचंच तोंड पाहून हसते. वाक्य सांगताना तुमी ओठ पुढं काढता ना, कोंबडी पानी पेल्यावाणी. घरी सांगते मले. म्हनून तर दुसरा प्रॉम्प्टर ठेवू देत नाई कोनाले."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं खिडकीबाहेर पाहिलं.

म्हणजे इतके हंगाम गावोगावच्या मंडपांत जे काही टाळ्या घेत होतं, त्यात माझाही वाटा होता, आणि तो असा. डोमाजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मला त्या क्षणी दया आली असती तर मी चांगला माणूस ठरलो असतो. मला फक्त आनंद झाला. मी पलंगाला वळसा घातला, भिंत आणि तो यांच्यामध्ये शिरलो, खाली वाकलो, आणि खड्ड्यातल्यासारखं कुजबुजलो, "मूर्खा, मला मारणारा अजून जन्माला यायचा आहे."

त्यानं डोळे मिटून घेतले. मी पुन्हा म्हटलं, ओठ जमतील तेवढे पुढे काढून. त्यानं एक डोळा उघडला. नाक फेंदारलं. सुजल्या गालातून एक चमत्कारिक आवाज आला, मग दुसरा, आणि त्याची हनुवटी छातीवर आली. पलंगाच्या कडेवरचा हात खाली लोंबला. डॉक्टरबाईंनी तो उचलून सोडला, तो पडला. त्यांनी तपासायची रबरी हातोडी घेऊन त्याच्या गुडघ्यावर मारली. पाय हलला नाही. डोळे उघडे होते आणि ते माझ्यावर रोखलेले होते. मग त्या त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या की तुम्हाला ऐकू येतंय हे मला माहीत आहे, घाबरू नका, मी इथेच आहे.

अंगात जोर परतल्यावर तो पहिलं वाक्य बोलला. "कागद, बाहेर हो."

शस्त्रक्रिया पुढे ढकलली. नागपूरला नेऊन अंगाला वायरी लावून त्याची झोप मोजली आणि मग पुन्हा चंद्रपूर. या खेपेला भूल वेगळ्या बेतानं दिली, आणि शुद्धीवर येताना यमुनाबाईला जवळ बसू दिलं. झालं तिनं सांगितलं तसंच. डोळे उघडले आणि माणूस दगड. नवी नर्स धावणार तोच यमुनाबाई म्हणाली, थांबा, येतील. डॉक्टरबाईही म्हणाल्या, थांबा. थोड्या वेळानं कापसानं भरलेल्या तोंडातून एक शिवी आली. यमुनाबाईनं तेवढी ऐकली आणि दाराबाहेर येऊन भिंतीला टेकून रडली. मी तिला चहा आणून दिला, कारण दुसरं काही सुचेना.

मग आल्या गोळ्या. काही दिवसा जागं ठेवायच्या, काही पडणं थांबवायच्या. मालकाला ही बातमी लागल्याबरोबर तो डोमाजीच्या घरी येऊन बसला. मीही तिथे होतो. असली संधी मी सोडत नाही. मालक पोटतिडकीनं बोलला. दाढ काढली ते बरं केलं, पण देवानं दिलेली देणगी कुणी औषधानं घालवतं का? दिवाळीनंतरच्या तारखा लागल्या आहेत, गावं डोमाजी पडणार म्हणून नाटक घेतात. "नाई पडला तू, त मी काय दाखवू लोकायले? तुहं उभं राह्यनं?"

मग त्यानं डोमाजीच्या बायकोला विनवलं. यमुनाबाई म्हणाली, गोळ्या फळीवर ठेवल्या हायेत, घ्याच्या का नाई ते यायनं पाहावं. आता मी यायले उलटं करत फिरनार नाई.

मग डोमाजीनं दोघांनाही, म्हणजे मालकाला आणि मला, घराबाहेर काढलं.

हंगामातलं पहिलं नाटक नागभीडच्या बाजूला एका गावी होतं. कापलेल्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांत, मंडप. मी दिवसभर डोमाजीवर पाळत ठेवली. तो पेटीवर झोपला नाही. उलट टक्क डोळे उघडे ठेवून मंडपभर फिरत होता आणि भेटेल त्याला शिव्या देत होता, रंगवाल्याला, लाइटवाल्याला, गावच्या पाटलाला. पूर्वी त्याच्या शिव्यांना मधे झोपेची सुटी असायची, आता तीही गेली. मी ओळखायचं ते ओळखलं. मालकानंही ओळखलं असावं, कारण शेवटच्या अंकाला तो विंगेत येऊन उभा राहिला.

उजाडायला लागलं होतं. नायकानं खंजीर उपसला. मंडपात पेंगलेली माणसं एकमेकांना हलवून जागं करू लागली; आता डोमाजी पडणार. डोमाजीनं नायकाकडे पाहिलं, मग खाली माझ्याकडे. माझ्या ओठांबद्दल मला आता माहिती होती, तरी वाक्य सोडणं माझं काम होतं. मी सोडलं.

तो हसला. नाकातून, घशातून, पोटातून. हसू भरात आलं. हनुवटी जागेवर होती. त्यानं खाली आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. ते उभे होते. मग तो आणखी हसला. ते हसू मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, कारण त्या मजल्यापर्यंत तो कधी पोचलाच नव्हता, आधीच पडायचा. नायक खंजीर धरून ताटकळला. मालक विंगेतून दोन्ही हातांनी जमीन दाखवत होता. मागून कुणी तरी ओरडलं, "पड ना बे." मग पुष्कळ जण ओरडले. मी कर्तव्य म्हणून वाक्य दिलं, "हाय, मी मेलो."

डोमाजीनं प्रयत्न केला. खोटं बोलणार नाही, त्यानं मनापासून प्रयत्न केला. एक गुडघा वाकवला, हात टेकायला पुढे नेला. सगळ्या झाडीपट्टीत नट जसे मरतात तसा तो मरू लागला. मंडपात हशा पिकला. त्याबरोबर तो अर्ध्यावर थांबला, हळूहळू ताठ उभा राहिला, आणि डोक्यावर लोंबणाऱ्या माईकमध्ये माझ्या संहितेत नसलेलं एक वाक्य बोलला.

"नाई मरत मी. जा."

पहिली चप्पल बायकांच्या बाजूनं आली. मालकानं पडदा सोडायला सांगितलं, पण डोमाजी आधीच पुढच्या पायऱ्या उतरून प्रेक्षकांत शिरला होता. खड्ड्यापाशी क्षणभर थांबून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडावर, जवळून, उभ्या उभ्या, पोटभर हसून घेतलं. मग शिव्यांतून आणि चपलांतून वाट काढत मंडपाबाहेर पडला. मी मान उंच करून पाहत राहिलो. बाहेर दव पडलं होतं. जरीचा लाल अंगरखा ओल्या धसकटांवरून फरफटवत तो बांधीच्या कडेच्या अरुंद मातीच्या धुऱ्यावरून निघाला होता. खांदे हसण्यानं गदगदत होते, आणि पाय एकापुढे एक नीट पडत होते.